एका तारकेचा इतिहास

गणितांतील कोरड्या विचारांचा व्यवहारास काय उपयोग, असा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांतूनही वारंवार निघतो. संगणकाकडून मजकुरांतील आकृतिबंध शोधून घेण्याच्या विद्येचा इतिहास या प्रश्नास चांगलें उत्तर देतो.

१९४३ सालीं अमेरिकेंत मॅक्कलॉक व पिट्स यांनीं मज्जापेशींच्या जाळ्याची गणिती कल्पना मांडली. असें जाळें कोणते क्रम ओळखूं शकेल, याचा शोध स्टीफन क्लेनी या तर्कशास्त्रज्ञानें १९५१ मध्यें घेतला. त्याचा निबंध १९५६ मध्यें प्रसिद्ध झाला. एकापुढें एक ठेवणें, हें किंवा तें घेणें आणि पुनः पुनः घेणें, या तीनच क्रिया त्यास पुरेशा वाटल्या. पुनरावृत्तीची खूण म्हणून त्यानें तारका योजिली. 'हा(हा)*' एवढें लिहिलें कीं 'हा', 'हाहा', 'हाहाहा' हीं सारीं रूपें त्यांत आलीं. यांसच पुढें 'रेग्युलर एक्स्प्रेशन' हें नांव रूढ झालें.

ही लेखनपद्धति मजकूर शोधण्याच्या कामीं कशी लावावी, हें बेल प्रयोगशाळेंतील केन थॉम्प्सन यानें १९६८ मध्यें दाखविलें. जेथें वाटा फुटतात तेथें सर्व वाटा एकदमच चालावयाच्या, म्हणजे मजकूर एकदांच वाचून भागतें, ही त्याची युक्ति. १९७३ मध्यें 'ग्रेप' हें त्याचें शोधसाधन युनिक्स प्रणालींत आलें.

पुढें मात्र अनेक लोकप्रिय भाषांनीं निराळी रीत पत्करली: एक वाट धरावी, ती चुकली कीं मागें फिरून दुसरी धरावी. तिनें कांहीं नव्या सोयी साधल्या. पण ३० वेळां आलेला 'हा' लहानमोठ्या गटांत विभागण्याच्या रीतीच ५३ कोटींहून अधिक होतात, आणि '(हा(हा)*)*' असा नियम जुळेनासा झाला कीं बिचारें यंत्र त्या साऱ्या धुंडाळीत बसतें. २ जुलै २०१९ रोजीं क्लाउडफ्लेअर कंपनीच्या एका नियमांत अशाच तारका दाटल्या आणि जगांतील असंख्य संकेतस्थळें सुमारें २७ मिनिटें बंद पडलीं.

उपाय नवा शोधावा लागला नाहीं. गूगलनें २०१० मध्येंच खुल्या केलेल्या 'आरई२' या साधनांत थॉम्प्सनचीच विचारसरणी होती. ज्ञान उपलब्ध होतें. विसर पडला होता तो त्याच्या मर्यादांचा. शास्त्राचीं फळें घ्यावयाचीं आणि शास्त्र तेवढें कोरडें म्हणून सोडावयाचें, या संवयीचें मोल केव्हांतरी चुकवावेंच लागतें.