पोच आणि निर्गत : संदेश-रांगेचा पूर्वेतिहास

'रांग' आणि 'पाळी' हे शब्द मराठीत परस्परांच्या निकट वावरत असले, तरी त्यांचा अर्थ एक नव्हे. रांग जागेवर उभी असते. पाळी काळावर ठरते. पाटाच्या पाण्याची पाळी ज्याची असते, तो शेतकरी ती येईपर्यंत पाटावर तिष्ठत बसत नाही. अन्य कामास तो मोकळा असतो. संगणकशास्त्रात 'मेसेज क्यू' या नावाने जी व्यवस्था रूढ आहे, तिचे शब्दशः भाषांतर 'संदेश-रांग' असे होईल. तिचे मर्म मात्र रांगेपेक्षा पाळीत अधिक आहे.

ही व्यवस्था अशी. एखाद्या संकेतस्थळावर कोणी दाखल्यासाठी अर्ज केला, म्हणजे कागद तपासणे, दाखला तयार करणे, पत्र धाडणे ही कामे उद्भवतात. ती सर्व उरकल्यावरच सर्व्हरने उत्तर द्यावयाचे ठरविले, तर अर्जदार खोळंबतो आणि त्याच्या मागून येणारेही खोळंबतात. म्हणून सर्व्हर कामाचा तपशील संदेशरूपाने रांगेत ठेवतो, अर्जदारास पोच देतो आणि मोकळा होतो. पडद्यामागे 'वर्कर' नावाचा वेगळा प्रोग्राम ते संदेश क्रमाने उचलून कामे करतो. काम पुरे झाल्याचे त्याने कळविल्यावरच संदेश रांगेतून वगळला जातो. तो मध्येच बंद पडला, तर तोच संदेश दुसऱ्या वर्करकडे जातो.

या कल्पनेची शास्त्रीय परंपरा टेलिफोनपर्यंत मागे जाते. कोपनहेगन येथील गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी 1909 मध्ये टेलिफोनच्या मागण्यांना संभाव्यतेचे गणित लावले, आणि 1917 मध्ये प्रतीक्षेची सूत्रे मांडली. 1965 मध्ये डायक्स्ट्रा यांनी एका प्रक्रियेने निर्माण करावे व दुसरीने उचलावे, या संबंधाचे तर्कशुद्ध विवेचन केले. 1969 च्या सुमारास डेन्मार्कमध्येच ब्रिंच हॅन्सेन यांनी आर.सी. 4000 या संगणकावर प्रक्रियांमधील संदेशांच्या रांगा प्रत्यक्षात आणल्या. आय.बी.एम.चे 'एम.क्यू.सिरीज' 1993 मध्ये, तर 'रॅबिट एम.क्यू.' 2007 मध्ये आले. हे दुसरे ज्या संगणकभाषेत लिहिले गेले, तिचे नाव 'एर्लांग' हेच आहे.

परंतु स्वीकार आणि पूर्तता यांची फारकत यंत्रांनी प्रथम केली, असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील कचेऱ्यांत आवक-जावक नोंदणाऱ्या शाखेस 'बारनिशी' म्हणतात. तेथे मिळणारी पोच कागद पोचल्याची असते. प्रकरणाची निर्गत ही निराळी गोष्ट होय.

हीच फारकत साखर कारखान्याच्या व्यवहारात अधिक ठळकपणे दिसते. धाराशिव तालुक्यातील ढोकी हे कुर्डुवाडी-लातूर लोहमार्गावरील गाव तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. अशा कारखान्यांची रूढ पद्धत पाहता शेतकरी लागणीची तारीख नोंदवितो. शेतकी विभाग आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांचा तोडणी कार्यक्रम आखतो. पाळी आली की तोडणीची चिठ्ठी निघते, टोळी फडात उतरते, आणि गाडी वजनकाट्यावरून गव्हाणीपर्यंत पोचते. गव्हाण अखंड चालली पाहिजे, पण तिच्यात एकाच वेळी सगळा ऊस टाकता येत नाही. म्हणून मध्ये नोंद आणि गाडीतळ या दोन रांगा असतात. एकाच गाडीचे वजन दोनदा धरले जाऊ नये म्हणून चिठ्ठीस क्रमांक असतो. संदेश दोनदा पोचला तरी काम एकदाच व्हावे, यासाठी संगणकातही हाच उपाय योजतात.

साम्य येथवरच आहे. संदेश रांगेत वाळत नाही. तोडलेला ऊस वाळतो, त्याचे वजन घटते आणि उतारा उतरतो. उभ्या उसालाही तुरा येतो. ऊस नियंत्रण आदेश, 1966 यानुसार उसाची किंमत 14 दिवसांत देणे बंधनकारक आहे. पण ही मुदत ऊस कारखान्यास दिल्यापासून मोजली जाते. नोंदीपासून तोडणीपर्यंतची प्रतीक्षा तीत येत नाही, आणि तिचा भार ज्याच्या हाती केवळ पोच आहे त्याच्यावरच पडतो.

रांग गर्दीचा धक्का सोसते, गाळपाची शक्ती वाढवीत नाही, हे एर्लांगच्या गणितातून निघणारे तत्त्व येथे ध्यानात घेतले पाहिजे. आवक सतत अधिक राहिली, तर रांग वाढतच जाते. आणि उचलणाराच नसेल, तर प्रत्येक पोच पोकळ ठरते. ढोकीचा कारखाना मध्यंतरी अनेक वर्षे बंद राहिला. अशा काळात फडातील ऊस दुसऱ्या कारखान्याच्या रांगेत, बहुधा शेवटी, उभा करावा लागतो.

म्हणूनच जाणते अभियंते रांगेत संदेश किती आहेत एवढेच पाहत नाहीत; सर्वांत जुना संदेश केव्हापासून पडून आहे, हेही पाहतात. ऊसकरी शेतकऱ्याचा प्रश्न याहून वेगळा नसतो. किती नोंदी झाल्या, हे तो विचारीत नाही. सध्या कोणत्या तारखेची लागण तुटते आहे, एवढेच विचारतो.