पळपुटा बाजीराव आणि आपली कादंबरी

पुण्याचा शनिवारवाडा तुम्ही पाहिला असेल. दिल्ली दरवाजा भक्कम उभा आहे. आत मात्र नुसती जोती. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी या वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले. असे पडलेले महाल पुन्हा उभे करतो तो कादंबरीकार.

दुसऱ्या बाजीरावाला आपण शाळेत 'पळपुटा' या एकाच शब्दात निकालात काढतो. ना. सं. इनामदारांनी १९६९ साली 'मंत्रावेगळा' लिहिली आणि त्या शब्दामागचा माणूस शोधला. ते बरेच झाले. राघोबादादांचा हा मुलगा. त्याचे पोरवय नजरकैदेत गेले. कुणावर विश्वास टाकावा हे त्याला उमगले नाही, तर नवल काय?

पण मंडळी, घटना बदलत नाहीत. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईचा तह केला आणि इंग्रजी फौज पदरी घेतली. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई हरली. २० फेब्रुवारी १८१८ ला बापू गोखले आष्टीला लढता लढता पडले, पेशवे निसटले. जूनमध्ये ते माल्कमच्या स्वाधीन झाले. सालिना आठ लाखांचा तनखा घेऊन बिठूरला राहिले आणि १८५१ साली तिथेच वारले.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या शिवारातली. या कारकिर्दीत मामलती मक्त्याने दिल्या जात. जो जास्त बोली बोलेल त्याला मामलत. बोलीचा पैसा तो कुठून काढणार? रयतेकडूनच! वाड्यातल्या माणसाचे दुःख वाचून डोळे भरून येतात. पण ज्याच्या खळ्यावरचे धान्य गेले, त्याचे काय? राज्य खडकीला एका दिवसात बुडाले नाही. खेडोपाडी ते आधीच पोखरले होते.

म्हणून गुरुजी, मुलांना कादंबरी जरूर वाचून दाखवा. मग दोन प्रश्न विचारा. यातले कागदोपत्री काय, आणि लेखकाने मनाने रचलेले काय? दुसरे, या गोष्टीत शेतकरी कुठे आहे? पुण्यात पेशवे दफ्तर आहे, सरदेसायांनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. आणि तुमच्या गावात एखाद्या कुळकर्ण्याच्या घरी मोडीतले जुने रुमाल असतील, तर ते वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नका. त्या काळी गावाचा वसूल किती होता, हे कदाचित त्यातच निघेल.