वेळ संपली, लॉगिन बंद

तळेगाव-चाकणच्या कंपनीतून वडगाव मावळला परतणाऱ्या माणसाची पाळी गेटवर कार्ड लावलं की संपते. लॅपटॉप मात्र त्याच्यासोबत घरी येतो. ठरल्या वेळेबाहेर नेटवर्कवर लॉगिनच होऊ नये, अशी सोय कधीचीच आहे, पण ती माणसाच्या विश्रांतीसाठी जन्मली नव्हती.

तिचं मूळ यंत्राच्या टंचाईत आहे. १९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांनी ‘सीटीएसएस’ ही प्रणाली चालवून दाखवली. एकच महागडा संगणक अनेकांनी वापरायचा, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड आणि वेळेचा ठरलेला वाटा. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरेनात. १९६२ मध्ये त्यानं पासवर्डची अख्खी फाइल छापून घेतली आणि इतरांच्या खात्यांतून काम उरकलं. इतक्या लवकर हे कुलूप फुटलं होतं!

पुढे संगणक स्वस्त झाले तरी कुलूप राहिलं, आता माहितीच्या चोरीच्या धास्तीनं. १९९३ च्या विंडोज एनटीपासून ते ठिकठिकाणच्या कंपन्यांत पोचलं. त्यात प्रत्येक खात्यासाठी आठवड्याचे १६८ तास, तासाला एक बिट, एकूण २१ बाइट. बिट चालू तर प्रवेश, नाहीतर नाही. ही नोंद ग्रीनिचच्या वेळेनं राहते. तिथे तास बदलतो तेव्हा आपल्याकडे साडेआठ, साडेनऊ वाजलेले असतात. त्यामुळे नऊला सुरू होणारी आपली पाळी या चौकटीत नेमकी बसत नाही. शिवाय तपासणी होते ती आत शिरताना. आधीच आत असलेल्याला वेळ संपताच बाहेर काढायचं तर वेगळी सेटिंग लागते, आणि माझ्या मते खरी गरज तिचीच आहे.

माणसाच्या बाजूनं विचार फार उशिरा झाला. २०११ मध्ये फोक्सवागननं कामगार प्रतिनिधींशी करार केला: पाळी संपल्यावर अर्ध्या तासानं फोनवरचे ई-मेल बंद, दुसऱ्या दिवशी पाळीच्या अर्धा तास आधी सुरू. याच कंपनीचा कारखाना २००९ पासून चाकणला आहे, पण करार जर्मनीतल्या काही कर्मचाऱ्यांपुरता होता. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही.

कायद्याची वाट पाहत बसायचं कारण नाही. त्या १६८ तासांचे चौकोन तुमच्या आयटी विभागाच्या पडद्यावर आजही आहेत. पुढच्या करारात पगारवाढीच्या जोडीनं रात्रीचे चौकोन बंद करण्याची मागणीही ठेवा.