एस्तेर : इतिहासातील आणि संहितेतील

हिब्रू बायबलमध्ये स्त्रीचे नाव धारण करणारे ग्रंथ दोनच आहेत. एक रूथचा आणि दुसरा एस्तेरचा. त्यांपैकी एस्तेरचा ग्रंथ अनेक अर्थांनी विलक्षण आहे. धर्मग्रंथांत गणना होऊनही त्याच्या हिब्रू पाठात ईश्वराचे नाव एकदाही येत नाही. यज्ञ नाही, मंदिर नाही, प्रार्थनेचा उच्चार नाही. जे आहे ते सारे दरबारी आहे : मेजवान्या, फर्माने, मोहोरा, जासूद आणि कटकारस्थाने. संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये हिंदुस्थानचा उल्लेख येतो तोही याच ग्रंथात. अहश्वेरोश राजाचे राज्य हिंदुस्थानापासून कूशापर्यंत १२७ प्रांतांवर पसरले होते, असे पहिलेच वाक्य सांगते.

कथेचा गाभा थोडक्यात असा. शूशन नगरीत राजा मेजवानी देतो आणि मद्याच्या भरात वश्ती राणीला आपले सौंदर्य दाखविण्यासाठी बोलावतो. ती नकार देते आणि पदच्युत होते. नव्या राणीसाठी देशभरातून कुमारिका गोळा केल्या जातात. त्यांत हदस्सा उर्फ एस्तेर ही आईबापांविना वाढलेली ज्यू मुलगी असते. चुलतभाऊ मर्दखय याने तिला लहानाचे मोठे केलेले असते. त्याच्या सांगण्यावरून ती आपली जात-जमात लपवते आणि राणी होते. पुढे मर्दखय आपल्यापुढे वाकत नाही म्हणून प्रधान हामान साऱ्या ज्यूंच्या कत्तलीचे फर्मान मिळवतो आणि चिठ्ठ्या टाकून दिवस ठरवतो. या चिठ्ठीला 'पूर' म्हणतात, त्यावरूनच 'पुरीम' हा सण. बोलावणे नसता राजापुढे जाणे म्हणजे मरण, हे ठाऊक असून एस्तेर जाते, दोन मेजवान्यांच्या डावाने हामानला उघडा पाडते आणि आपल्या लोकांना वाचवते.

ही घटना घडली काय? अहश्वेरोश म्हणजे इ.स.पू. ४८६ ते ४६५ या काळात राज्य करणारा इराणी सम्राट झर्क्सिस, हे समीकरण आज बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. कथा म्हणते की एस्तेर त्याच्या सातव्या वर्षी राणी झाली, म्हणजे सलामिस आणि प्लाटीआ येथील पराभवांनंतर. परंतु हिरोडोटस झर्क्सिसच्या राणीचे नाव अमेस्ट्रिस असे देतो. ती एका इराणी सरदाराची मुलगी होती. राजाने पत्नी निवडायची ती ठरावीक सरदार घराण्यांतूनच, असा संकेतही तोच सांगतो. साम्राज्याचे प्रांत त्याच्या गणतीत २० आहेत, १२७ नव्हेत. इराणी कागदपत्रांत अशा कत्तलीचा वा प्रतिकाराचा मागमूस नाही.

उलट पक्षी, लेखकाला इराणी दरबाराची चांगली माहिती होती हेही दिसते. राजवाड्याची अंगणे, टपालाची व्यवस्था, रोजनिशी, फारसी शब्द यांत कल्पनेपेक्षा परिचय अधिक आहे. पर्सेपोलिस येथे सापडलेल्या मातीच्या पट्टिकांत मर्दुक या धर्तीची नावे आढळतात. तथापि नाव खरे म्हणून पात्र खरे ठरत नाही. मर्दखय आणि एस्तेर ही नावे बाबिलोनी देवता मर्दुक व इश्तार यांच्याशी जुळतात, हे अभ्यासकांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील गुहांत बायबलच्या इतर बहुतेक सर्व ग्रंथांचे अवशेष मिळाले, एस्तेरचा मात्र एकही तुकडा मिळालेला नाही. तेव्हा आपल्यापुढे आहे ती ऐतिहासिक वेश धारण केलेली कादंबरिका, असे म्हणणे आम्हांस योग्य वाटते.

पण म्हणून एस्तेरला इतिहास नाही असे होत नाही. तिचा इतिहास राजवाड्यात नसून वाचनात आहे. संहितेने ज्या जागा मोकळ्या सोडल्या त्या प्रत्येक काळाने आपापल्या गरजेप्रमाणे भरल्या, आणि त्या भरण्यातूनच त्या त्या काळाची ओळख पटते.

आधी संहितेने काय केले ते पाहू. दुसऱ्या अध्यायात एस्तेरभोवतीची क्रियापदे पुनःपुन्हा कर्मणी येतात : तिला नेले जाते, तिला स्वाधीन केले जाते, तिला राजाकडे आणले जाते. ती मर्दखयचे ऐकते एवढेच निवेदक सांगतो. चौथ्या अध्यायात ही व्यवस्था उलटते. राजवाड्यातील स्थान हे कदाचित याच प्रसंगासाठी लाभले असेल, असे मर्दखय तिला सुचवतो. ती तीन दिवसांच्या उपासाची आज्ञा देते, मरण आले तर पत्करते, आणि लगेच निवेदक नोंदवतो की मर्दखयने तिच्या आज्ञेप्रमाणे केले. नवव्या अध्यायाच्या शेवटी तर ती लिहिते. पुरीमचा सण कायम करणारे पत्र राणी एस्तेर मर्दखयसह लिहिते आणि तेथे क्रियापद स्त्रीलिंगी एकवचनी आहे. नेली गेलेली मुलगी लिहिणारी स्त्री होते, हा या ग्रंथाचा खरा प्रवास आहे.

परंपरेला हा प्रवास पचला काय? पहिली साक्ष ग्रीक भाषांतराची. इ.स.पू. दुसऱ्या वा पहिल्या शतकातील या भाषांतरात सहा मोठ्या पुरवण्या आहेत. त्यांत ईश्वर येतो, प्रार्थना येते, आपल्याला मुकुटाचा आणि परधर्मीयाच्या शय्येचा तिटकारा आहे असे एस्तेर सांगते. राजापुढे जाताना ती मूर्च्छित होते आणि ईश्वर राजाचे मन वळवतो. हिब्रू पाठात मूर्च्छा नाही. तेथे ती राजवस्त्रे लेऊन अंगणात उभी राहते, इतकेच. ग्रीक पुरवणीने तिला धार्मिक केले आणि त्याच वेळी तिच्या पायांतले बळ काढून घेतले. ही मूर्च्छा पुढे युरोपीय कलेला फार आवडली. आर्टेमिझिया जेंटिलेस्की हिने सतराव्या शतकात रंगविलेली एस्तेर कोसळताना दिसते. रासीनने १६८९ मध्ये सँ-सीर येथील विद्यार्थिनींसाठी लिहिलेल्या नाटकातही तिची शुद्ध हरपते.

दुसरी साक्ष तालमूदची. राजाशी झालेल्या तिच्या संबंधाचा दोष तिला का लागत नाही, या चर्चेत एक पंडित तिला भूमीची उपमा देतो. भूमी नांगरली जाते, ती स्वतः काही करीत नाही. ज्या परंपरेत दोषमुक्तीसाठी स्त्रीला अचेतन ठरवावे लागते तिची अडचण येथे उघडी पडते. पण त्याच तालमूदमध्ये दुसऱ्या ठिकाणी एस्तेर विद्वानांना निरोप पाठवून आपली कथा पुढील पिढ्यांसाठी लिहून ठेवा असा आग्रह धरते. परकीयांचा मत्सर ओढवेल असे ते म्हणतात, तेव्हा आपली हकीकत राजांच्या बखरीत आधीच नोंदली गेली आहे असे ती उत्तर देते. त्या चमत्कारात स्त्रियाही सहभागी होत्या म्हणून पुरीमच्या वाचनाचे कर्तव्य त्यांच्यावरही आहे, असा निर्णयही तेथेच आहे. भूमी आणि ग्रंथकर्ती या दोन्ही एस्तेर एकाच ग्रंथात शेजारी नांदतात. परंपरा एकसुरी असते हा समज येथे टिकत नाही.

तिसरी साक्ष पुस्तकातली नाही, जगण्यातली आहे. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली, १४९७ मध्ये पोर्तुगालमध्ये सक्तीचे धर्मांतर झाले. बाहेरून ख्रिस्ती आणि घरात ज्यू असे जगणाऱ्यांना ओळख लपवणारी ही राणी आपलीशी वाटली. पुरीमचा जल्लोष उघड करता येत नव्हता, पण उपास कोणाला दिसत नाही. म्हणून त्यांनी एस्तेरचा उपास धरला. कित्येकांनी तर तिला ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे संत एस्तेर म्हटले. जी संहिता ईश्वराला लपवते ती लपून जगणाऱ्यांची संहिता व्हावी, यात आम्हांस योगायोग दिसत नाही.

आपल्याकडच्या कोकणातील बेने इस्रायल समाजात पुरीमला 'होळीचा सण' म्हटले जात असे. अदार महिन्याची चतुर्दशी आणि फाल्गुनी पौर्णिमा पुष्कळदा जवळ येतात. दुष्टाच्या पराभवाचा, गोंगाटाचा हा सण शेजाऱ्यांच्या सणाच्या नावाने ओळखला जाणे स्वाभाविक होते. फरक एवढाच की स्पेन-पोर्तुगालमध्ये एस्तेरला लपावे लागले, येथे तिला शेजार मिळाला.

आधुनिक काळात वाचकांचे लक्ष वश्तीकडे वळले. एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी संपादित केलेल्या 'द वुमन्स बायबल'च्या १८९८ मधील दुसऱ्या भागात नकार देणाऱ्या राणीचा गौरव झाला. त्यानंतर वश्ती बंडखोर आणि एस्तेर आज्ञाधारक अशी विभागणी रूढ झाली. आम्हांस ती अपुरी वाटते. वश्तीचा नकार थोर आहे, पण राजवाड्याबाहेर काढल्यावर कथा तिला बोलू देत नाही. एस्तेर त्याच राजवाड्यात राहून, त्याच मेजवानीचे हत्यार करून बोलते. एकीचा नकार आणि दुसरीचा डाव एकत्र वाचल्याशिवाय या ग्रंथातील सत्तेचे चित्र पूर्ण होत नाही.

या वाचनात एक अवघड जागा उरते आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. राजाचे फर्मान मागे घेता येत नाही म्हणून ज्यूंना स्वसंरक्षणाची परवानगी देणारे दुसरे फर्मान निघते. हिब्रू पाठानुसार ७५,००० शत्रू मारले जातात. शूशनमध्ये आणखी एक दिवस मिळावा अशी मागणी स्वतः एस्तेर करते. लुटीला हात लावला नाही असे निवेदक तीनदा बजावतो. त्याला कशाची तरी टोचणी असावी असे वाटते. ग्रीक भाषांतरात हा आकडा १५,००० होतो.

ही कत्तल इतिहासात घडल्याचा पुरावा नाही. परक्या साम्राज्यात विखुरलेल्या, शस्त्रहीन लोकांनी पाहिलेले ते प्रतिशोधाचे स्वप्न आहे, असे म्हणता येईल. शतकानुशतके पुरीम प्रामुख्याने मुलांच्या सोंगांचा, मिठायांचा आणि गरिबांना दान देण्याचा सण राहिला, आणि दानाची आज्ञा ग्रंथातच आहे. पण दुबळ्याचे स्वप्न शस्त्रधाऱ्याच्या हाती गेले की त्याचा अर्थ पालटतो. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, पुरीमच्याच दिवशी, हेब्रोन येथे एका ज्यू बंदूकधाऱ्याने नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांची हत्या केली. या सणाच्या इतिहासातील हिंसेच्या धाग्याचा शोध इलियट होरोविट्झ यांनी २००६ मधील आपल्या ग्रंथात घेतला, तो ज्यू परंपरेच्या आतूनच. संहिता निरपराध आणि वाचक तेवढा दोषी असे म्हणून आम्हांस सुटता येत नाही. नववा अध्याय संहितेतच आहे. मात्र तो कसा वाचायचा हे वाचक ठरवतो, आणि त्याची जबाबदारीही त्याचीच असते.

साहित्याच्या वर्गात एस्तेर शिकवण्याचे प्रयोजन आम्हांस येथे दिसते. ती होऊन गेली काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी आहे. पण मूर्च्छित एस्तेर, भूमीसारखी एस्तेर, उपाशी एस्तेर आणि आणखी एक दिवस मागणारी एस्तेर या साऱ्या होऊन गेल्या आहेत, कारण माणसांनी त्यांच्या आधाराने चित्रे काढली, निवाडे दिले, उपास केले आणि क्वचित खूनही केले. अशा वाचनांच्या गर्दीत मूळ पाठातील एक साधी गोष्ट नजरेआड होते : तिने लिहिले. विद्यार्थ्यांनी निदान त्या क्रियापदापाशी थोडे थांबावे, आणि लिहिणाऱ्या हाताला मान देताना त्याने काय लिहिले हेही तपासावे.