हालचाल ओळख (घरगुती सुरक्षा कॅमेरे)

हालचाल ओळख ही सुरक्षा कॅमेऱ्यासमोरील दृश्यात झालेला बदल आपोआप टिपून चित्रीकरण सुरू करण्याची किंवा घरमालकाच्या मोबाईलवर इशारा पाठवण्याची पद्धत होय. तिच्यामुळे साठवणीची जागा आणि बॅटरी वाचते. परंतु तिचा खरा उपयोग माणसाचे लक्ष वाचवणे हा आहे. हलणारी फांदी, मांजर, पाऊस किंवा वाहनांच्या दिव्यांचा झोत यांमुळे दिवसभर इशारे येत राहिले, तर घरातील माणसे ते पाहणे सोडून देतात किंवा सूचना बंदच करून टाकतात. मग खरा इशाराही दुर्लक्षित राहतो. म्हणून या पद्धतीचा दर्जा चुकीचा इशारा आणि हुकलेली घटना या दोन्ही चुकांवरून ठरवला जातो.

कार्यपद्धती

सर्वांत सोप्या पद्धतीत लागोपाठच्या दोन फ्रेममधील प्रत्येक पिक्सेलच्या उजळपणाची वजाबाकी केली जाते. ज्यांतील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला आहे असे पिक्सेल मोजले जातात व त्यांची संख्या पुरेशी असल्यास हालचाल झाली असे मानले जाते. लिनक्सवरील 'मोशन' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही संख्या मुळात १५०० ठेवलेली असते. या पद्धतीला बदल कळतो, त्याचे कारण कळत नाही. सूर्यावरून ढग सरकला तरी हजारो पिक्सेल एकदम बदलतात.

पार्श्वभूमी वजाबाकीत स्थिर दृश्याचे प्रतिरूप तयार करून प्रत्येक नवी फ्रेम त्याच्याशी ताडून पाहिली जाते. एमआयटीतील ख्रिस स्टॉफर व एरिक ग्रिमसन यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक पिक्सेलसाठी साधारणतः तीन ते पाच प्रसामान्य वितरणे राखली जातात. वाऱ्याने डोलणाऱ्या फांदीच्या जागी कधी पान, तर कधी आकाश दिसते. हे दोन्ही रंग पार्श्वभूमीचेच आहेत हे प्रतिरूप शिकते आणि फांदीमुळे येणारे इशारे कमी होतात. मात्र सतत शिकत राहण्याच्या याच गुणामुळे बराच वेळ निश्चल उभा राहिलेला माणूसही कालांतराने पार्श्वभूमीत जमा होतो.

बॅटरीवर चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांत निष्क्रिय अवरक्त संवेदक असतो. त्याच्यापुढील फ्रेनेल भिंग दृश्याचे पट्टे पाडते आणि उष्ण शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेले की संवेदक कॅमेऱ्याला जागे करतो. त्यामुळे आडवा जाणारा माणूस लवकर टिपला जातो, तर थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येणारा उशिरा. दाराकडे येणाऱ्या वाटेवर कॅमेरा नेमका समोरून न लावता बाजूने लावणे म्हणूनच फायद्याचे ठरते. शरीर व परिसर यांच्या तापमानातील फरक कमी झाला की संवेदकाचा पल्लाही घटतो. विदर्भातील उन्हाळ्यात हवा ४० अंश सेल्सिअसच्या वर तापते तेव्हा ही अडचण विशेष जाणवू शकते. शरीरातून निघणारे हे प्रारण खिडकीच्या काचेतून जात नसल्याने काचेआड ठेवलेल्या अशा संवेदकाचा उपयोग होत नाही.

सुधारणेचे मार्ग

बहुतेक वापरकर्ते प्रथम संवेदनशीलता कमी करतात. याने चुकीचे इशारे घटतात. पण हुकलेल्या घटना वाढतात. किमान आकार व किमान कालावधी यांच्या अटी अधिक उपयुक्त आहेत. सेकंदाला १.४ मीटर वेगाने चालणारा माणूस ५ मीटर रुंदीचे दृश्य ओलांडण्यास सुमारे साडेतीन सेकंद घेतो. सेकंदाला ५ फ्रेम तपासल्या तर तो जवळपास १८ फ्रेममध्ये दिसतो. सलग तीन फ्रेमची अट घातल्यास विजेची चमक किंवा भिंगासमोरून उडालेला किडा बहुधा वगळला जातो आणि माणूस सुटत नाही.

रात्रीच्या चुकांचे मूळ अनेकदा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या प्रकाशात असते. अवरक्त दिवे भिंगाला लागूनच असल्याने जवळचे किडे, पावसाचे थेंब व कोळ्याची जाळी दूरच्या माणसापेक्षा कितीतरी उजळ दिसतात. अंगचे दिवे बंद करून काही अंतरावर स्वतंत्र अवरक्त दिवा लावणे हा त्यावरील सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. ८५० नॅनोमीटरचे दिवे मंद लालसर दिसतात. ९४० नॅनोमीटरचे डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी पडतो.

हालचाल टिपली म्हणजे व्यक्ती ओळखता येईलच असे नाही. आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार माणसाची उपस्थिती कळण्यासाठी दर मीटरला २५ पिक्सेल लागतात, तर अनोळखी व्यक्तीची ओळख पटवण्यासाठी २५०. १९२० पिक्सेल रुंदीच्या कॅमेऱ्याने २० मीटर रुंद अंगण व्यापले, तर दर मीटरला ९६ पिक्सेलच मिळतात.

वस्तू ओळख

योलोसारख्या २०१५ नंतरच्या वेगवान प्रणालींमुळे दोन टप्प्यांची रचना रुळली. 'फ्रिगेट' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आधी स्वस्त पिक्सेल-तुलना होते आणि बदल झालेला भागच चेतापेशी जाळ्याकडे तपासणीसाठी जातो. माणूस, प्राणी व वाहन यांत फरक करता येत असला, तरी संख्येचा प्रश्न उरतो. समजा, अंगणात रोज ३०० निरर्थक हालचाली होतात आणि त्यांपैकी ९९ टक्के गाळल्या जातात. तरीही दिवसाला तीन, म्हणजे वर्षाला हजाराहून अधिक चुकीचे इशारे येतील. चोरीचा प्रयत्न मात्र वर्षानुवर्षे एकदाही होणार नाही. त्यामुळे चांगल्या गाळणीनंतरही आलेले बहुसंख्य इशारे चुकीचेच असू शकतात. रात्रीची ठरावीक वेळ किंवा घर रिकामे असणे अशा जादा अटी जोडल्याने हे प्रमाण सुधारते.

खासगीपणा

भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा व्यक्तीने खासगी वा घरगुती कारणासाठी केलेल्या विदा-प्रक्रियेला लागू होत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मात्र २०१४ मध्ये चेक प्रजासत्ताकातील एका प्रकरणात, सार्वजनिक रस्ताही टिपणारा घरावरील कॅमेरा निव्वळ घरगुती वापरात मोडत नाही, असा निर्णय दिला. कॅमेऱ्याच्या मांडणीत येथे दोन सोयींची गल्लत होते. हालचालीचे क्षेत्र आखून रस्ता वगळल्यास फक्त इशारे थांबतात, रस्त्याचे चित्रण चालूच राहते. तो भाग मुखवट्याने झाकल्यास चित्रणही होत नाही आणि वाहनांमुळे येणारे इशारेही बंद होतात.