डोकेदुखीची बखर

नागपुरात मे महिन्यात खिशात कांदा आणि डोक्याला दुपट्टा असल्याशिवाय आम्ही घराबाहेर पडत नाही. तरी डोकं दुखायचं ते दुखतंच. अशा डोक्यांची खरी कदर सुश्रुतसंहितेने केली. तिच्यात डोक्याचे चांगले ११ रोग मोजलेले आहेत. त्यांतला सूर्यावर्त सूर्याबरोबर चढतो, दुपारी कळस गाठतो, संध्याकाळी उतरतो. सुश्रुत एकदा तरी सीताबर्डीवर उन्हात उभा राहिला असावा!

दुसरा अर्धावभेदक, म्हणजे आपली अर्धशिशी. ती आमच्या आईला होती. आजी तिला सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खाऊ घालायची. आम्हां मुलांना वाटे, आपलं का नाही दुखत?

१८९३ साली मुंबईत अमृतांजन निघालं, १८९९ साली जर्मनीत ॲस्पिरिन. पुढे वुल्फ या अमेरिकन डॉक्टरने रक्तवाहिन्यांना दोषी धरलं. वात, पित्त, कृमी, रक्तवाहिन्या... आरोपी बदलले, फिर्यादी तीच! १९८०च्या दशकात मज्जातंतूंतून पाझरणारं सीजीआरपी हे द्रव्य संशयित ठरलं. त्याला अडवणारी औषधं २०१८ साली आली.

आमच्या घरचं निदान मात्र कधी बदललं नाही : "पाहुणे यायच्या दिवशीच बरं दुखतं हिचं!"

दुखण्याचा फोटो निघत नाही. म्हणून आजही डॉक्टर आधी विचारतात, "कसं दुखतं, सांगा." आईला एवढं कुणी विचारलं असतं, तर निदान अर्धं दुखणं तिथंच उतरलं असतं.