वन्यप्राणी कोणाचे? अमेरिकेतील आरंभीचे शिकारविषयक कायदे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बायसनचे कळप जवळजवळ नष्ट झाले आणि बेसुमार शिकारीला आळा घालणारे कायदे राज्याराज्यांत कठोर होत गेले. या कायद्यांचा इतिहास बहुधा निसर्गप्रेमाच्या विजयाची कथा म्हणून सांगितला जातो. अंमलबजावणीच्या अंगाने पाहिले असता मात्र त्याच्या मुळाशी मालकीचा प्रश्न असल्याचे दिसते.

इंग्रजीतील ‘गेम’ हा शब्द खेळ आणि शिकारीचा प्राणी या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. मराठीतील ‘शिकार’ हा शब्दही कृती आणि प्राणी या दोहोंना लागू पडतो. परंतु त्यात खेळाची छटा अपरिहार्य नाही. हा भेद येथे महत्त्वाचा ठरतो, कारण कायद्यांचा आग्रह धरणाऱ्यांत छंद म्हणून शिकार करणारा सधन वर्ग अग्रभागी होता. पोटासाठी वा बाजारासाठी शिकार करणारे त्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरत गेले.

1868 च्या तहाने बॅनॉक आणि शोशोनी जमातींना संघराज्याच्या रिकाम्या जमिनींवर शिकारीचा हक्क दिला होता. 1895 मध्ये वायोमिंगमधील जॅक्सन होल परिसरात सशस्त्र गोऱ्या वसाहतवाल्यांनी राज्याच्या शिकार कायद्याचा आधार घेऊन बॅनॉकांची एक टोळी पकडली. ती पळू लागताच गोळीबार झाला आणि एक वृद्ध मरण पावला. श्रीमंत शिकाऱ्यांचे वाटाडे म्हणून काम करणे हे तेथील वसाहतवाल्यांच्या उत्पन्नाचे एक साधन होते, हे लक्षात घ्यावे लागते. एल्क मारल्याबद्दल रेस हॉर्स या बॅनॉक पुरुषावर चाललेल्या खटल्यात 1896 साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा तहापेक्षा वरचढ मानला. त्याच वर्षी गीअर खटल्यात, राज्य हे जनतेच्या वतीने वन्यप्राण्यांचे धारक आहे, असे तत्त्व मांडले गेले होते. त्या ‘जनते’त रेस हॉर्सला स्थान मिळाले नाही.

फ्लॉरिडात चित्र उलटे होते. टोप्यांवरील पिसांसाठी बगळ्यांची कत्तल रोखू पाहणारा रक्षक गाय ब्रॅडली 8 जुलै 1905 रोजी मारला गेला. संशयितावर खटला भरण्यास स्थानिक ज्यूरीने नकार दिला. वायोमिंगमध्ये स्थानिकांनी कायद्यासाठी शस्त्र उचलले, फ्लॉरिडात त्यांनी त्याची बाजू घेतली नाही. दोन्ही ठिकाणी निर्णायक ठरले ते स्थानिक हितसंबंध.

पुढे 1916 मध्ये स्थलांतरित पक्ष्यांविषयी ब्रिटनशी, कॅनडाच्या वतीने, तह झाला. पक्ष्यांवर मालकी सांगणाऱ्या मिसुरी राज्याचा दावा 1920 मध्ये न्यायालयाने फेटाळला आणि तहाला वरचढ मानले. साम्राज्याशी झालेला तह राज्याला बांधून ठेवतो, जमातीशी झालेला ठेवत नाही, अशी ही विसंगती होती. क्रो जमातीतील एका शिकाऱ्याच्या हेरेरा खटल्यात 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने रेस हॉर्स निर्णयाचे तत्त्व स्पष्टपणे नाकारले. त्याला 123 वर्षे लागली.